टेबलापलीकडची जागा

प्रिय डावखुरे,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. फोन वाजत राहतो आणि तू त्याच्याकडे नुसती बघत बसतेस, हे तुझ्या लेकीनं मला सांगितलंय, तेव्हा ‘आवाज बंद होता’ वगैरे थापा मला मारू नकोस. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. पडून राहतं बिचारं, आणि कधी ना कधी माणूस उघडतोच. शिवाय मी बोलायला लागले की तू मधेच ‘जाऊ दे गं’ म्हणतेस आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. आज तुला मधे बोलता येणार नाही. गपगुमान शेवटपर्यंत वाच.

काल संध्याकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. शहाणी आहे हो पोरगी तुझी. आधी माझी चौकशी, मग काकांची, मग माझ्या गुडघ्याची, आणि एवढं सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, मावशी, आई कुणाचंच ऐकत नाही, आता तूच सांग. काम सुटल्यावर तू भावाकडे राहायला गेलीस, त्या गावच्या औषधांच्या पॅकिंगच्या कारखान्यात तुला बोलावलं होतं म्हणे. तुझ्या भावानं तिथं शब्द टाकला होता. तू छान आवरून गेलीस, फाटकापर्यंत पोचलीस आणि तिथूनच परत फिरलीस. घरी येऊन म्हणालीस, औषधाचं काम आहे, माझ्या हातून काही उलटंसुलटं झालं तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. बरं, तेवढ्यावर थांबली असतीस तरी मी समजून घेतलं असतं. पण आता म्हणे घरातली साधी चादर घडी करायची झाली तरी तू वहिनीला हाक मारतेस, आणि ती हातातलं काम टाकून येते. सांगता सांगता पोरगी रडायला लागली. मीही रडले, पण मला रडू यायच्या आधी राग येतो, तुला माहीतच आहे. फोन ठेवला आणि आमच्या ह्यांच्यावर उगाचच ओरडले. ते बापडे कात्रीला तेल देत बसले होते.

तर तुझ्या डोक्यात जे घर करून बसलंय ना, की त्या उलट्या बाणांच्या खोक्यांमुळे तुला कामावरून काढलं, तुझे हातच भरवशाचे नाहीत, ते आज मला मुळापासून उपटायचंय. आत्ता दुपारची वेळ आहे. ह्यांच्या सलूनचे टॉवेल धुऊन, वाळवून आणलेत, पलंगावर त्यांचा ढीग पडलाय, आणि त्याच्या शेजारी बसून मी लिहितेय. तू म्हणशील, कामाच्या दिवशी भर दुपारी ही बाई घरात टॉवेल घेऊन कशी बसलीय? तेही सांगते, जरा दम धर. सगळं एकदम सांगितलं तर तू अर्धंच वाचशील आणि पाय धुवायला म्हणून उठून जाशील, मी काय तुला ओळखत नाही?

आपल्या खोक्यांच्या कारखान्यातला तुझा पहिला दिवस आठवतो का? मला तर असा डोळ्यांसमोर आहे. बिस्किटांच्या छोट्या खोक्यांच्या बाकावर तुला बसवलं आणि तासाभरात तिथं तुंबळ युद्ध सुरू झालं. एका ओळीत सगळ्या उजव्या हाताच्या, मधे तू एकटी डावखुरी. तुझं कोपर शेजारणीच्या कोपरावर आपटायचं, तिच्या हातातून पुठ्ठा उडायचा, आणि तू सॉरी सॉरी करत आणखी दोघींना धक्का द्यायचीस. फूटपट्टीसाहेब आला. हे नाव त्याला मीच ठेवलं होतं हे त्याला ठाऊक आहे, पण कधी बोलला नाही. शर्टाच्या खिशात ती लोखंडी पट्टी घालून फिरणाऱ्या सुपरवायझरला दुसरं काय म्हणणार? त्यानं तुला उचलून माझ्या टेबलावर पाठवलं, फ्रीजच्या आणि कपडे धुवायच्या यंत्रांच्या मोठ्या खोक्यांच्या. मी मनात म्हटलं, घ्या, आता हिला मी निस्तरायची.

आणि झालं उलटंच. त्या टेबलावर दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, मधे तो दारासारखा मोठा पुठ्ठा, आणि त्याच्या खालच्या टोकाचे कान दुमडून दोन्हीकडून पिना मारायच्या. माझ्या समोर तोवर उजव्या हाताच्याच बायका उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा उजवा हात माझ्या विरुद्ध टोकाला यायचा, मग त्या पिनांचं यंत्र घेऊन पुठ्ठ्यावर आडव्या व्हायच्या आणि संध्याकाळी कंबर धरून बसायच्या. तू डावखुरी. तुझा डावा हात आणि माझा उजवा बरोबर एकाच टोकाला आले. तू कान दुमडायचीस, मी दुमडायचे, टक टक, पुढचा घ्या. फूटपट्टीनं बाजूला उभं राहून बराच वेळ बघितलं, सवयीनं पट्टी काढून टेबलही मोजलं, कशाला ते देव जाणे, आणि निघून गेला. त्या दिवसापासून मोठं टेबल म्हणजे आपली जोडी. मला तेव्हापासून सवय अशी लागली की घरीसुद्धा ह्यांच्याबरोबर चादरीची घडी घालताना ते चुकीच्या टोकाला उभे आहेत असं वाटतं.

आता त्या दिवसाकडे येते. तू तो मनात हजारदा उगाळला असशील, पण मी कसा ऐकलाय ते ऐक. माझी दाढ ठणकत होती म्हणून मी रजा घेतली होती. माझ्या जागी ती उंच बाई उभी राहिली, नवीनच लागलेली. आपल्या टेबलाची खिडकी तुझ्या पाठीशी, माझ्या तोंडासमोर. मी पडले बुटकी, तुझ्या सावलीत आरामात मावते. ती बाई तुझ्यापेक्षा वीतभर उंच, तुझ्या डोक्यावरून सगळं ऊन तिच्या डोळ्यांत. ती डोळे बारीक करून काम करत होती आणि तुला ते बघवेना. तू म्हणालीस, या इकडे, मी येते तिकडे. दोघींनी जागा बदलल्या. पुठ्ठे नेहमीसारखेच पडलेले होते, पण जागा बदलल्यावर तुमचे कामाचे हात आले दुसऱ्या टोकाला, आणि हाताखाली जे कान आले ते तुम्ही टाचले. वरचे कान बंद, खालचे उघडे. बाणावर लिहिलंय ‘ही बाजू वर’ आणि बाण जमिनीकडे. सगळी थप्पी अशीच गेली. फ्रीजवाल्यांकडे पोचल्यावर कळलं की यातून फ्रीज पाठवला तर तो वाटभर शीर्षासन करत जाणार.

चूक झाली. मी काही ती नाही म्हणत नाही. पण कशातून झाली ती चूक? एका बाईच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून तू तिला सावली दिलीस. आणि तिचं निस्तरणं केवढं, तर फूटपट्टीनं वर तोंड केलेल्या बाणांच्या चिकटपट्ट्या छापून घेतल्या, आपण सगळ्यांनी जाऊन त्या जुन्या बाणांवर चिकटवल्या, आणि एका दुपारीत विषय संपला. मी तर चिकटवताना इतकी हसत होते की दाढ पुन्हा दुखायला लागली. तू मात्र तोंड पाडून एकेक पट्टी अशी चेपत होतीस, जशी काही जखमेवर लावतेयस. मी तुला चिडवलं, उलट्या हाताची उलटी खोकी म्हणून. तेव्हा तूही हसलीस, पण ते हसू वरवरचं होतं हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

पुढं थोड्याच दिवसांनी तुला काढलं आणि तू दोन्हीची गाठ मारून टाकलीस. आधी चूक, मग काढून टाकणं, म्हणजे चुकीमुळेच काढलं. दिसायला हे सरळ दिसतं. पण डावखुरे, त्याच सुमाराला आणखी काय काय होत होतं ते तुला दिसलं नाही, कारण तू आपल्याच हातांकडे बघत होतीस. मी सलूनवाल्याची बायको आहे. मला ते आधी आमच्या खुर्चीवर दिसलं. महिन्यातून दोनदा केस कापून घेणारी माणसं महिन्यातून एकदाच यायला लागली. रोज दाढीला येणारे घरीच दाढी करायला लागले, आणि गालांवर कापून घेतलेलं दाखवत रस्त्यानं जायला लागले. एक गृहस्थ तर दाढी वाढवतोय, शोभते म्हणाले. शोभत वगैरे काही नव्हती, झाडूसारखी दिसत होती. आमचे हे खुर्ची पुसत बसायचे. पुसलेली खुर्ची पुन्हा पुसायचे. मी म्हणायचे, अहो, झिजेल ती.

आपला टेम्पोवाला, खोकी न्यायला यायचा तो, एक दिवस खुर्चीत बसून सांगत होता की फ्रीजवाल्यांचं गोदाम छतापर्यंत भरलंय. म्हणजे फ्रीज भरभरून विकले जात होते तेव्हा त्यांनी भरभरून बनवले होते, आणि आता घेणारे थांबले. अगं, माणूस जेवायचं थांबवत नाही, पण फ्रीज बदलायचं थांबवतो. जुना अजून चालतोय ना, मग बघू पुढल्या वर्षी. सगळ्यांनी एकाच वेळी ‘बघू पुढल्या वर्षी’ म्हटलं की दुकानदार म्हणतो आधी आहेत ते खपू देत, कारखाना म्हणतो आधी गोदाम रिकामं होऊ दे, आणि खोक्यांच्या कारखान्यात तर ऑर्डरचा कागदच येत नाही, येतो तो निरोप की सध्या पाठवू नका. लोकांनी फ्रीज थोडे कमी घेतले असतील, पण आपली मोठी खोकी जवळजवळ बंदच झाली. बिस्किटांच्या बाकावर मात्र हात चालूच होते. म्हणून तिथल्या सगळ्या राहिल्या, त्यात ती रोज एक तरी खोकं फाडणारी बाईसुद्धा, जिला तू आणि मी कात्री म्हणायचो. ती राहिली आणि तू गेलीस. आता सांग, हात बघून काढलं असतं तर असं झालं असतं का?

आणि हे वर्तुळ पुढं फिरत राहिलं ते मी आमच्या गल्लीत बघितलं. आपल्या कारखान्यातून ज्या गेल्या त्यांनी पोरांचे बूट आणखी एक वर्ष ढकलले. बुटांच्या दुकानानं मग मदतनीस काढला. मदतनीसानं केस कापणं लांबवलं, ते आमच्या खुर्चीवर आलं. आमच्याकडे गिऱ्हाईक नाही म्हणून मी नवा मिक्सर घ्यायचा होता तो नाही घेतला, आणि त्या मिक्सरचंही एक खोकं असणार होतं ना? मी स्वतःच आपल्या कुठल्या तरी टेबलावरचं एक खोकं कमी केलं. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. जो तो आपापलं घर सांभाळत होता, आणि सगळे मिळून एकमेकांचं काम काढून घेत होतो. मला हे उमगलं तेव्हा मी मिक्सरवरून ह्यांच्याशी भांडले होते ते आठवलं आणि उठून ह्यांना चहा करून दिला.

मी फूटपट्टीला एकदा तोंडावर विचारलं होतं, की साहेब, माणसं काढता कशाला, सगळ्यांचेच पगार थोडे थोडे कमी करा की. त्यानं पट्टीनं कान खाजवला आणि म्हणाला, मी मालकांना हेच बोललो होतो. मालकांचं म्हणणं पडलं की सगळ्यांचे पगार कापले तर ज्यांचा हात चांगला आहे त्या आधी दुसरीकडे जातील, आणि राहतील त्या रोज तोंड वाकडं करून काम करतील. थोड्यांना काढलं तर रडतील त्या थोड्याच, आणि त्याही फाटकाबाहेर. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग फूटपट्टीचे तांबारलेले डोळे बघितले. त्यालाही झोप नव्हती. काढायचं कुणाला, तर तिथला नियम तुला ठाऊकच आहे, जी शेवटी आली ती आधी जाईल. मोठ्या टेबलावर मी जुनी, तू नंतरची. पहिल्या खेपेला तुझ्याबरोबर आणखी किती जणी गेल्या. ती उंच बाई पण गेली, पुठ्ठे कापणारा गेला, तो तर आयुष्यात कधी एक रेघ वाकडी कापली नसेल. या सगळ्यांनी काय उलटी खोकी टाचली होती?

आता बरी बातमी. वारं फिरलंय. हेही मला आधी सलूनमध्येच कळलं. सकाळी उघडायच्या आधी बाहेर माणसं उभी दिसायला लागली, धुतलेला शर्ट, हातात फाइल. मुलाखतीला जायचंय, जरा नीट करून द्या म्हणायची. त्या झाडूवाल्या गृहस्थांनीही दाढी काढली, आणि आतून चांगला देखणा माणूस निघाला, मी तर ओळखलंच नाही. आमचे हे मुलाखतवाल्यांचे केस असे जीव लावून कापतात, जसं काही नोकरी त्यांनाच मिळणार आहे. निघताना मानेवरचं झटकून म्हणतात, होऊन जाईल काम. ज्यांचं होतं ते नंतर येऊन सांगतात. ज्यांचं होत नाही ते बरेच दिवस येत नाहीत, मग हे रस्त्यात गाठून त्यांना ओढून आणतात.

कारखान्यात मात्र लगेच कुणाला परत बोलावलं नाही. मला वाटलं होतं, खोकी वाढली की दुसऱ्या दिवशी निरोप येतील. कुठलं काय! आत होत्या त्यांनाच जादा वेळ थांबवून घेतलं. मालकाला भीती, की आज चार हात घ्यायचे आणि उद्या परत मंदी आली तर पुन्हा काढायचे, त्यापेक्षा आहेत त्यांनाच दमवू. आतल्या दमून चिडलेल्या, बाहेरच्या बसून चिडलेल्या. कात्री मला बाजारात भेटली तेव्हा हात सुजलेले दाखवत होती आणि माझ्या मनात येत होतं, दे गं बाई यातलं थोडं मला. माणसं कमी होताना भराभर होतात आणि परत घेताना एकेक करून, चाचपडत. म्हणून तुला इतके दिवस कुठून बोलावणं नव्हतं. त्यात तुझ्या हातांचा काय दोष? आणि जितके जास्त दिवस घरी बसावं तितकं नव्या ठिकाणी विचारतात, इतके दिवस का बसला होता? जसं काही आपण हौसेनं बसलो होतो.

तर आता त्या टॉवेलांचं सांगते, मगाशी राखून ठेवलेलं, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं पुराण लिहिलं. फूटपट्टीला मी पगाराचं विचारलं ना, तो दिवस कारखान्यातला माझाही शेवटचा होता. तू गेलीस आणि पुढं मोठं टेबल पारच बंद झालं, तेव्हा तो मला सांगायला आला होता. तुला मी कळवलं नाही. फोनवर तुझ्याशी कारखान्याच्या गप्पा मारायचे त्या सगळ्या कात्रीकडून ऐकलेल्या. का, तर लाज वाटत होती. मला, आयुष्यात कधी एक पिन तिरकी न मारणाऱ्या मला! इथं पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या आणि एकच विचार करायचा, माझं काय चुकलं? सगळी वर्षं उलटीपालटी केली. एक चूक सापडेना गं. तुझ्यापाशी निदान ती उलटी खोकी तरी होती धरून बसायला, माझ्यापाशी तेवढंही नव्हतं, आणि तरी मी तुझ्याच रांगेत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की मग तुझ्या चुकीनंही काही झालं नव्हतं. परवा फूटपट्टी दाढी करायला आला. फेस लावलेल्या तोंडानं आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, पुढल्या सोमवारपासून मोठं टेबल सुरू करतोय, जोडी पाहिजे, तू आणि ती डावखुरी. मी म्हटलं, साहेब, तिला त्या बाणांचं फार लागलंय, ती यायची नाही. तो म्हणाला, कुठले बाण? मी सांगितलं, खिडकी, ऊन, उंच बाई, चिकटपट्ट्या, सगळं सांगितलं. तो डोळे मिटून आठवत राहिला, ह्यांनी वस्तरा थांबवून धरला, आणि शेवटी मान हलवून म्हणाला, नाही बुवा, असं काही झालं होतं का? डावखुरे, त्याला आठवतसुद्धा नाही. तू ज्याच्यापायी चादरीला हात लावत नाहीस, ते त्याच्या लक्षातसुद्धा नाही. मी तिथंच टॉवेल तोंडाला लावून रडले, आणि या वेळी आधी राग आला नाही. तेव्हा आता सामान बांध. लेकीची शाळा संपेपर्यंत ती मामाकडे राहील, आज सकाळी मी तिच्याशी बोललेय, ती तर फोनवरच टाळ्या वाजवत होती. खोली मिळेपर्यंत आमची पुढची खोली तुझी, हे म्हणतात मी सलूनमध्ये झोपतो, तेवढीच मला त्यांच्या घोरण्यापासून सुटका. हे काम कायमचं टिकेल असं मी म्हणत नाही. पुन्हा कधी लोक ‘बघू पुढल्या वर्षी’ म्हणतील आणि पुन्हा आपण दोघी बाहेर असू. पण तेव्हा तू आपल्या हातांकडे बघायचं नाहीस, एवढं कबूल कर. सोमवारी मी टेबलाशी माझ्या जागेवर उभी असेन, खिडकीकडे तोंड करून. समोर ये गं. तू नसलीस की ऊन थेट माझ्या डोळ्यांत येतं.

तुझीच,
टेबलाच्या अलीकडची